गेमिंगसाठी मॉनिटर निवडताना: माळ्यावरच्या डब्यापासून आयपीएसपर्यंतचे तीन महिने

शनिवार, १२ जुलै २०२५ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या बावीस इंची मॉनिटरने मान टाकली. बटण दाबले की दोन सेकंद चित्र दिसे आणि पुन्हा अंधार होई. मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरला, तेव्हा त्या अंधारातही डेस्कटॉपवरची चिन्हे पुसट दिसत होती. म्हणजे पडदा जिवंत होता, त्याच्या मागचा उजेड तेवढा गेला होता. २०१० साली घेतलेला, टीएन प्रकारच्या पॅनेलचा, १६८० बाय १०५० पिक्सेलचा आणि ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठदा चित्र बदलणारा, हा मॉनिटर पंधरा वर्षे चालला होता, त्यामुळे त्याच्यावर राग धरण्याचे कारण नव्हते. मी पुण्यात घरूनच हिशेब तपासणीचे काम करतो आणि रात्री तासदीड तास गाड्यांच्या शर्यतीचे किंवा गोळीबाराचे गेम खेळतो. दोन्ही कामांना टेबल एकच आणि पडदाही एकच. नवा मॉनिटर आठवड्याभरात आणून लावू असे वाटले होते; प्रत्यक्षात तो टेबलावर नीट स्थिरावायला ऑक्टोबर उजाडला.

पहिला आठवडा वाचण्यातच गेला आणि जितके वाचले तितका गोंधळ वाढला. टीएन, आयपीएस, व्हीए, ओलेड ही पॅनेलच्या प्रकारांची नावे, १४४, १८०, २४० हे हर्ट्झचे आकडे आणि प्रत्येक खोक्यावर छापलेले ‘१ मिलिसेकंद’ यांतून नेमके काय घ्यावे ते उमगेना. दरम्यान काम थांबवून चालणार नव्हते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका दुरुस्ती करणाऱ्याकडे जुना मॉनिटर दिला. आतले दोन कपॅसिटर फुगले होते. ते बदलून देण्याचे त्याने १,४०० रुपये सांगितले आणि हमी काहीच देणार नाही हेही स्पष्ट सांगितले. चार दिवस लागतील म्हणाला. ते चार दिवस काढण्यासाठी मला सांगलीच्या घरातील माळ्यावर पडलेला सतरा इंची डबा मॉनिटर, म्हणजे काचेच्या नळीचा जुना सीआरटी, आठवला. हा लेख इतका लांबला याचे मूळ कारण तोच डबा आहे.

२० जुलैच्या रविवारी सांगलीला गेलो. बाबांनी शिडी धरली आणि वर विचारले, “तो डबा कशाला हवाय तुला? भंगारवाला दीडशे देत होता, मीच दिला नाही.” आईच्या जुन्या लुगड्यात बांधलेले ते सोळा-सतरा किलोंचे धूड खाली उतरवताना माझा खांदा चांगलाच अवघडला. कोणाला असा मॉनिटर हलवायचा असेल तर एक गोष्ट सांगतो: त्याचे जवळजवळ सगळे वजन पुढच्या काचेत असते, म्हणून उचलताना काच पोटाकडे घ्यावी आणि गाडीत काच सीटच्या पाठीला टेकवून वर पट्टा लावावा. पावसाळ्यात माळ्यावर राहिलेली वस्तू लगेच विजेला जोडू नये हे बाबांचे सांगणे मी पाळले आणि पुण्यात आणल्यावर दोन दिवस ती पंख्याखाली ठेवली. मागचे झाकण मात्र कोणीही, अगदी धूळ झटकण्यासाठीसुद्धा, उघडू नये. आत हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ तसाच साठून राहतो.

पुढची अडचण जोडणीची होती. माझ्या संगणकातील ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० असून त्याला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट एवढीच तोंडे आहेत. डब्याला लागते जुन्या निळ्या तोंडाची व्हीजीए तार. त्यासाठी डिस्प्लेपोर्टमधून व्हीजीए काढून देणारे अडॅप्टर ७५० रुपयांना घेतले. २३ जुलैच्या रात्री बटण दाबले. ‘धप्प’ असा तो ओळखीचा आवाज झाला, चित्र क्षणभर पाण्यातल्यासारखे हलले आणि तापलेल्या धुळीचा वास खोलीभर पसरला. काचेजवळ हात नेला तर मनगटावरचे केस उभे राहिले. १०२४ बाय ७६८ एवढ्या पिक्सेलवर हा पडदा ८५ हर्ट्झने चालतो, हे मला २००४ पासून पाठ होते, कारण त्या काळी ६० हर्ट्झवर तो डोळ्यांच्या कडेला लुकलुकत राही आणि अर्ध्या तासात कपाळ दुखू लागे.

दुरुस्त झालेला टीएन मॉनिटर २५ तारखेला परत आला आणि काही विशेष न योजता दोन्ही पडदे शेजारी शेजारी लागले. मी शर्यतीचा एकच गेम आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर, त्याच वळणावर, त्याच वेगाने चालवून पाहिला. टीएनवर गाडी वळली की रस्त्याकडेचे फलक करड्या पट्ट्यांसारखे होत. त्यावर काही लिहिले आहे एवढेच समजे. डब्यावर तेच फलक सरकत असताना मी वाचू शकत होतो. एकवीस वर्षे जुना, कडेला अक्षरे किंचित फाटलेला, मधोमध अंधूक झालेला पडदा नंतर आलेल्या पडद्याला वेगाच्या बाबतीत सरळ हरवत होता. मला ते खरे वाटेना म्हणून पत्नीला बोलावले. तिला गेममध्ये शून्य रस आहे, पण तिनेही डब्याकडे बोट दाखवून “यात अक्षरे दिसतात” असे सांगितले.

याचे कारण समजून घ्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि पुढची सगळी निवड त्यावरच ठरली, म्हणून येथे जरा थांबतो. डब्यात इलेक्ट्रॉनचा झोत ओळीओळीने काचेच्या आतील लेपावर फिरतो. प्रत्येक ठिपका झोत लागला की उजळतो आणि मिलिसेकंदभराच्या आसपास विझतो. म्हणजे प्रत्येक चौकट, एकामागून एक येणारे प्रत्येक चित्र, डोळ्यांना चमकून जाते आणि पुढची येईपर्यंत तेथे अंधारच असतो. एलसीडीत, म्हणजे मागून उजेड लागणाऱ्या सपाट पडद्यात, मग तो टीएन असो वा आयपीएस, चौकट पुढची येईपर्यंत तशीच धरून ठेवलेली असते. ६० हर्ट्झवर हा काळ १६.७ मिलिसेकंद होतो. आपला डोळा मात्र सरकत्या वस्तूच्या मागे सतत सरकत असतो; चित्र उभे आणि डोळा चालता, त्यामुळे ते चित्र डोळ्यांतच फरफटते. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने जाणारी वस्तू ६० हर्ट्झवर सुमारे १६ पिक्सेल पसरते, १२० वर ८ आणि २४० वर ४. पिक्सेलने रंग कितीही चपळाईने बदलला तरी हा पसारा टळत नाही. खोक्यावरच्या ‘१ मिलिसेकंद’चा त्याच्याशी फारसा संबंध नाही, हे कळले तेव्हा आठवडाभर तो आकडा पाहून केलेली माझी सगळी यादी मी खोडून टाकली.

त्या आकड्यातही दोन अर्थ लपलेले असतात. काही कंपन्या एका करड्या छटेतून दुसरीत जाण्याचा वेळ छापतात आणि तोही बहुधा सर्वांत उतावळ्या सेटिंगवरचा. काही कंपन्या मागचा दिवा मधूनमधून विझवून डब्यासारखा परिणाम साधतात आणि चित्र किती वेळ डोळ्यांसमोर राहिले ते छापतात. दुसऱ्या प्रकाराला तपशिलात ‘एमपीआरटी’ असे लिहिलेले असते. ही सोय चालू केली की पडदा मंद होतो, आणि बहुतेक मॉनिटरांत ग्राफिक्स कार्डाच्या गतीप्रमाणे पडद्याची गती बदलण्याची, म्हणजे जी-सिंक किंवा फ्रीसिंकची, सोय त्याच वेळी बंद पडते.

डबा कायमचा वापरावा असा मोह मला झाला नाही असे म्हणणार नाही. पण टेबल दोन फूट खोल आणि डबा जवळपास दीड फूट. कळफलक मांडीवर घेऊन ताळेबंद तपासता येत नाही. शिवाय दोन तासांनी खोली तापे, आणि वीज गेली की यूपीएस मिनिटभरातच किंचाळू लागे. हिशेबाच्या तक्त्यातील आठ आणि शून्य यांतला फरक कडेच्या रकान्यांत ओळखू येईना, तेव्हा मी नव्या पडद्याच्या शोधाला पुन्हा लागलो. मात्र आता दोन गोष्टी पक्क्या होत्या: डब्यासारखा गडद काळा रंग आणि हालचालीत स्वच्छ चित्र.

येथेच माझी पहिली चूक झाली. काळ्या रंगाच्या मागे लागून मी व्हीए पॅनेल निवडले. आयपीएसमध्ये पांढऱ्या आणि काळ्या रंगांतील उजेडाचे गुणोत्तर साधारण १,००० ला १ असते, तर व्हीएमध्ये ते ३,००० ला १ सहज मिळते; कागदावर हा फरक मोठा होता. ९ ऑगस्टला सत्तावीस इंची, २५६० बाय १४४० पिक्सेलचा, १६५ हर्ट्झचा वक्र मॉनिटर १७,८०० रुपयांना ऑनलाइन मागवला आणि तो १२ तारखेला घरी आला. खोके उघडताना पूर्ण चित्रफीत काढावी, त्यात अनुक्रमांकाचे लेबल स्पष्ट दिसावे आणि पट्टी कापण्यापूर्वी खोक्याच्या सहाही बाजू दाखवाव्यात. हे मी केले होते आणि पुढे वेगळ्याच प्रसंगी या सवयीचा उपयोग झाला.

दिवसा तो मॉनिटर उत्तम वाटला. रात्री दिवे मालवून गोळीबाराचा गेम लावला आणि तळघराच्या एका दृश्यात खांबामागून चालू लागलो, तर त्या काळ्या खांबाला शेपूट फुटली. खांब पुढे सरके आणि त्याच्या मागे जांभळट काळा डाग ओला रंग पुसल्यासारखा ओढला जाई. उजेडाच्या दृश्यात असे काही होत नव्हते. व्हीए पॅनेलमध्ये अगदी काळ्यातून किंचित कमी काळ्या छटेत जायला पिक्सेलला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि मी खेळतो ते निम्मे गेम रात्रीचे. मॉनिटरच्या मेनूत वेग वाढवण्याची सोय होती. ती पूर्ण वर नेली तेव्हा डाग थोडा आखडला, पण उजेडातील वस्तूंच्या मागे पांढरी कड उमटू लागली.

ज्या संकेतस्थळावरून घेतला तेथे ‘फक्त बदलून मिळेल, तेही ७ दिवसांत’ असे लिहिलेले होते. १४ तारखेला तक्रार नोंदवली. १८ ला तंत्रज्ञ आला, त्याने पाच मिनिटे पाहिले आणि ‘उत्पादन ठरलेल्या प्रमाणानुसार आहे’ असा शेरा मारून गेला. मित्रांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करण्याचा सल्ला दिला. वस्तू सदोष असती तर मी तो फोन नक्की केला असता, पण हा दोष त्या एका नगाचा नव्हता, त्या प्रकारचाच तो स्वभाव होता, आणि तो मी आधी वाचायला हवा होता. गणपतीत मावसभाऊ घरी आला. तो गेममध्ये फुटबॉल खेळतो, म्हणजे कायम लख्ख हिरवे मैदान. त्याला मी दोष दाखवून, अंधाऱ्या खोलीत बसवून, तासभर खेळू दिले आणि मग १४,००० रुपयांना मॉनिटर दिला. “दादा, मला तर काहीच दिसत नाही वाईट,” असे तो म्हणाला. अजूनही तो खूश आहे. माझे ३,८०० रुपये गेले.

३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेची बैठक झाली, २२ सप्टेंबरपासून मॉनिटरवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर येणार ही बातमी आली, आणि मला रोज कोणी ना कोणी ‘थांब, दहा टक्के वाचतील’ असे सांगू लागले. हा माझ्या रोजच्या कामाचाच विषय असल्यामुळे येथे मात्र मी फसलो नाही. बत्तीस इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के कर होता. सप्टेंबरची कपात त्याहून मोठ्या पडद्यांना लागू झाली. चौतीस इंची रुंद पडदा घेणाऱ्याने थांबणे शहाणपणाचे होते, सत्तावीस इंच घेणाऱ्याने कराच्या आशेवर थांबण्यात अर्थ नव्हता. ज्यांना व्यवसायासाठी मॉनिटर घ्यायचा आहे त्यांनी आपला जीएसटी क्रमांक बिल फाडण्यापूर्वीच द्यावा, कारण नंतर बिल बदलून देण्यास बहुतेक दुकानदार कुरकुर करतात.

आता न पाहता घ्यायचे नाही असे ठरवून १३ सप्टेंबरच्या शनिवारी मी सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने मुंबईला गेलो. दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड आणि तेथून चालत लॅमिंग्टन रोड. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिलेले असते. टॅक्सीवाल्यांना मात्र जुनेच नाव कळते. दुकाने अकराच्या पुढे उघडतात आणि रविवारी बरीचशी बंद असतात, हे लक्षात ठेवावे. पहिल्या दोन दुकानांत खोकीच होती, पडदा लावून दाखवायला जागाच नव्हती. तिसऱ्या दुकानात भिंतीवर आठ-नऊ मॉनिटर ओळीने लावलेले होते आणि सगळ्यांवर तोच एक समुद्राचा देखावा चालू होता. सगळे सारखेच दिसत होते. मागे वाकून पाहिले तेव्हा कळले की एकाच संगणकातून फाटे फोडून सगळ्यांना तार नेलेली आहे, म्हणजे २४० हर्ट्झचा पडदाही तेथे ६० वरच चालत होता. दुकानातल्या मुलाला विनंती केली, “एक मॉनिटर थेट लॅपटॉपला लावून दाखवता का?” त्याने आधी मालकाकडे पाहिले, मग दुपारी गर्दी कमी झाल्यावर आयपीएसचा एक १८० हर्ट्झचा पडदा लावून दिला. मी पेनड्राइव्हमध्ये नेलेले रात्रीच्या दृश्याचे छोटे रेकॉर्डिंग आणि सरकत्या तबकडीची चाचणी दोन्ही पाहून घेतली. खांबाला शेपूट नव्हती. काळा रंग मात्र काळा नव्हता, राखाडीकडे झुकलेला होता, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात फिकट पिवळसर झाक होती. आयपीएसची ही झाक सर्वांत असते. कमीजास्त हा नगानगाचा प्रश्न असतो.

मुक्कामाला ठाण्यात कॉलेजच्या मित्राकडे गेलो, कारण त्याच्याकडे ओलेड होता. सत्तावीस इंची, १४४० रेषांचा, २४० हर्ट्झचा क्यूडी-ओलेड, म्हणजे ओलेडचाच एक प्रकार, त्याने वर्षभरापूर्वी ६८,००० रुपयांना घेतलेला. १९८७ साली कोडॅकच्या प्रयोगशाळेत चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दाखवलेला पातळ सेंद्रिय थराचा दिवा गेमिंगच्या टेबलावर पोचायला पस्तीस वर्षे लागली; क्यूडी-ओलेडचे पहिले मॉनिटर २०२२ मध्ये आले. यात मागे दिवा नसतो, प्रत्येक पिक्सेल आपला आपण उजळतो, म्हणून काळा म्हणजे बंद. त्याच तळघराचे दृश्य लावले आणि आम्ही दोघेही गप्प झालो. खांबाची कड सुरीने कापल्यासारखी होती. मला डब्याचा तो काळा रंग पुन्हा दिसला, किंबहुना त्याहून गडद.

हालचालीच्या बाबतीत मात्र माझे डोळे डब्यावर बिघडलेले होते. २४० हर्ट्झवर चौकट ४.२ मिलिसेकंद टिकते, तेव्हा ओलेडचे पिक्सेल क्षणात बदलत असले तरी धरून ठेवण्याचा पसारा उरतोच. माझ्या जुन्या मॉनिटरपेक्षा तो चौपट स्वच्छ होता, आणि ८५ हर्ट्झच्या डब्यापेक्षा तरीही किंचित मऊ. मित्राला हे पटले नाही. तो म्हणाला, “तुला त्या डब्याचे कौतुक जास्तच आहे.” असेलही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीचा पडदा सरकवला, तेव्हा बंद मॉनिटरवरचा काळा रंग जांभळट करडा दिसू लागला. या प्रकारच्या पडद्यावर बाहेरचा उजेड शोषणारा थर नसतो, म्हणून दिवसा उजेडाच्या खोलीत त्याचा निम्मा रुबाब उतरतो. मी त्यावर माझा तक्ता उघडून पाहिला. अक्षरांच्या वरच्या कडेला हिरवट आणि खालच्या कडेला गुलाबी छटा दिसत होती. पिक्सेलमधले तीन रंग त्रिकोणात मांडलेले असल्याने असे होते. गेम खेळताना त्याची जाणीवही होत नाही, पण मला त्याच्यासमोर दिवसाचे आठ तास आकडे वाचायचे होते. आणि ते आठ तास पडद्यावर तेच रकाने, त्याच रेषा, खाली तीच पट्टी. ओलेडवर एका जागी थांबलेले चित्र हळूहळू कायमचे उमटू शकते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मित्राच्या आईने लक्षात आणून दिली. त्या म्हणाल्या, “रात्री बटण बंद करायचे नाही, असे याने मला बजावून ठेवले आहे. मला तो लाल दिवा बघवत नाही.” ओलेड मॉनिटर काही तास चालल्यावर विश्रांतीच्या अवस्थेत स्वतःची डागडुजी करून घेतो, त्या वेळी भिंतीवरचे बटण चालू असावे लागते. आपल्याकडे झोपण्यापूर्वी घरभर फिरून सगळी बटणे बंद करण्याची रीत आहे, आणि माझ्या घरी ती मीच कडक लावून दिलेली आहे. ज्यांच्याकडे ओलेड आहे त्यांनी घरच्यांना हे आधी सांगावे, आणि पडद्यावर उमटलेल्या डागाला भारतात हमी लागू आहे की नाही हे कंपनीच्या हमीपत्रात स्वतः वाचावे. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये.

पुण्याला परतताना निर्णय झालेला होता. पैसे हा एक भाग होता, पण साठ हजार हातात असते तरी त्या एकाच टेबलासाठी मी ओलेड घेतला असता असे वाटत नाही. २४ सप्टेंबरला पुण्यातल्याच एका दुकानातून सत्तावीस इंची, १४४० रेषांचा, १८० हर्ट्झचा आयपीएस घेतला. बिल २१,५०० रुपयांचे. त्यात मूळ किंमत १८,२२० रुपये ३४ पैसे आणि केंद्र व राज्याचा जीएसटी प्रत्येकी १,६३९ रुपये ८३ पैसे. बिलावर अनुक्रमांक लिहून घेतला. तो नसेल तर सेवा केंद्र हमी मान्य करताना खळखळ करते.

घरी लावला आणि दहा मिनिटांत डावीकडे वरच्या बाजूला लाल ठिपका दिसला. आधी धूळ वाटली, चष्म्याच्या फडक्याने पुसली. काळे, पांढरे, लाल, हिरवे, निळे असे पूर्ण पडद्याचे रंग एकामागून एक लावून पाहिले. काळ्यावर तो ठिपका निखाऱ्यासारखा चमकत होता. दुकानदाराने ‘आता कंपनीकडे जा’ म्हणून हात वर केले. २५ तारखेला कंपनीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यांनी बिलाची प्रत, अनुक्रमांकाचा फोटो, प्रत्येक रंगाच्या पडद्याचा फोटो आणि खोके उघडतानाची चित्रफीत मागवली. ती माझ्याकडे तयार होती. बंद पडलेला, म्हणजे काळा, पिक्सेल एखाददुसरा असेल तर बऱ्याच कंपन्या चालवून घ्यायला सांगतात. कायम पेटलेल्या पिक्सेलचा नियम वेगळा असतो, म्हणून तक्रारीत तो ठिपका कोणत्या प्रकारचा आहे ते स्पष्ट लिहावे. दसऱ्यामुळे तंत्रज्ञ ४ ऑक्टोबरला आला, त्याने फोटो वर पाठवले, आणि १० ऑक्टोबरला नवा नग मिळाला. या सोळा दिवसांत चार वेळा फोन करावा लागला आणि दर वेळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली. तक्रार क्रमांक कागदावर लिहून कळफलकाखाली ठेवला होता, त्याचा फार आधार झाला.

नव्या नगावर ठिपका नव्हता, तरी पहिले दोन दिवस मला गेममध्ये काहीच फरक वाटेना आणि पोटात गोळा आला. मग लक्षात आले की विंडोजने त्याला निमूटपणे ६० हर्ट्झवर लावून ठेवले होते. सेटिंगमध्ये डिस्प्ले, त्याखाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले येथे जाऊन १८० निवडावे लागते. ते करायला गेलो तर १४४ च्या पुढचा आकडाच दिसेना, कारण मी हाताशी आलेली एचडीएमआयची तार लावली होती आणि या मॉनिटरचे ते तोंड तेवढ्यावरच थांबते. खोक्यातली डिस्प्लेपोर्टची तार लावली आणि १८० दिसले. मेनूतील वेगाची सोय मी मधल्या पायरीवर ठेवली आहे. सर्वांत वरच्या पायरीवर सरकत्या गाडीच्या मागे पांढरी सावली पळते. उजेड कारखान्यातून आला तो ८० टक्के होता, रात्रीसाठी ३० पुरतो. मागच्या भिंतीवर मंद पिवळा दिवा लावला, तेव्हा त्या राखाडी काळ्याची आणि कोपऱ्यातील झाकेची टोचणी पुष्कळ कमी झाली. त्या दिव्याला २८० रुपये पडले आणि या सगळ्या खटाटोपातला तो मला सर्वांत स्वस्त उपाय वाटतो.

शर्यतीच्या त्या वळणावरचे फलक आता वाचता येतात. डब्यावर दिसत तितके धारदार नाहीत. मोठी अक्षरे लागतात, बारीक अजून पुसतात. हिशेब मांडला तर मॉनिटर २१,५००, व्हीएवरचा तोटा ३,८००, जुन्याची दुरुस्ती १,४००, अडॅप्टर ७५०, दिवा २८० आणि मुंबईचा प्रवास व जेवणखाण मिळून ९४० असे एकूण २८,६७० रुपये झाले. दुरुस्त झालेला टीएन सोसायटीच्या कार्यालयात सीसीटीव्हीसाठी दिला. खालून पाहिले की त्याचे रंग उलटे होतात, पण रखवालदार समोर बसतो, त्यामुळे तक्रार आलेली नाही.

उरला डबा. दिवाळीत सांगलीला निघताना बाबांनी फोनवर विचारले, “तो परत आणतो आहेस का? माळ्यावरची जागा मी भरून टाकली आहे.” भंगारात देणे मला पटत नाही, कारण तेथे तांब्याच्या तारेसाठी नळी फोडतात आणि त्या काचेत शिसे असते, द्यायचाच झाला तर ई-कचऱ्याच्या अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावा आणि त्यांची पावती घ्यावी. मी अजून दिलेला नाही. तो टेबलाखाली त्याच लुगड्यात आहे. दोन रविवारी बाहेर काढला, ८५ हर्ट्झवर लावला, आणि दोन्ही वेळा पत्नीने विचारले की खोलीत जळल्यासारखा वास कसला येतो आहे.